जागतिकीकरणामुळे आर्थिक निर्बंधांची धार वाढली की बोथट झाली?

प्रश्न – सह्यकडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली आणि सात रशियन बँकांना स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून बाहेर काढले, तरीही युद्ध थांबले नाही. देशांचे व्यवहार इतके गुंतलेले असताना निर्बंधांचा घाव खोल बसायला हवा होता. उलट एकाने माल नाकारला की दुसरा घ्यायला तयार असतो, असेच दिसते. यामागील कारणे कोणी उदाहरणांसह सांगू शकेल का?

उत्तर – बंदरकाठ

नेमके काय अडवले आहे, हे आधी पाहायला हवे. कच्च्या तेलासारखा माल कुठेही खपतो, त्यामुळे त्याला वाट सापडतेच. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांहूनही कमी होता; २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. बाल्टिक समुद्रातील प्रिमोर्स्क बंदरातून काही दिवसांत नेदरलँड्समधील रॉटरडॅमला पोहोचणारे तेल सुएझमार्गे सुमारे महिनाभराचा प्रवास करून गुजरातच्या किनाऱ्यावर उतरू लागले, आणि त्यातून तयार झालेले डिझेल पुन्हा युरोपातही विकले गेले.

तेल अजिबात बाहेर पडू नये, अशी खुद्द जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाचीही इच्छा नव्हती, कारण तसे झाले असते तर जगभर भाव भडकले असते. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली आणि त्याहून महाग तेल वाहणाऱ्या जहाजांना पाश्चात्त्य विमा नाकारला. विम्याशिवाय टँकरला बहुतेक बंदरे प्रवेश देत नाहीत आणि हा विमा मोजक्या संस्थांच्या हाती आहे, त्यामुळे अंमलबजावणीसाठी हीच जागा निवडली गेली. रशियाला सवलतीत तेल विकावे लागले आणि जुन्या टँकरांचा वेगळा ताफा उभा करावा लागला. तेल वाहत राहिले, पण त्यावरची कमाई घटली. या निर्बंधाचे यश मोजायचे तर याच कसोटीवर मोजावे, असे माझे मत आहे.

उत्तर – ताळेबंद

वरील मुद्द्याला पैशाच्या बाजूने जोड देतो. २०१८ मध्ये अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि तिने इराणवर पुन्हा निर्बंध लादले, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी इराणशी व्यापार चालू ठेवण्यासाठी २०१९ मध्ये ‘इन्स्टेक्स’ ही स्वतंत्र यंत्रणा उभी केली. सरकारांची इच्छा असूनही तिच्यातून एकच व्यवहार पार पडला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळावी लागली, कारण डॉलरचे व्यवहार गमावण्याची जोखीम कोणतीही मोठी कंपनी पत्करत नव्हती. आपल्याकडेही युको बँकेच्या रुपया खात्यांतून इराणी तेलाचे पैसे चुकते होत आणि त्याच रुपयांतून इराण बासमती घेत असे. याच निर्बंधांमुळे मे २०१९ मध्ये भारताची तेलखरेदी थांबली, तशी त्या खात्यातील भरही थांबली आणि निर्यातदारांची देणी अडकू लागली.

मात्र हेच गुंतलेपण निर्बंध लादणाऱ्याचेही हात बांधते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हा भाव उसळले आणि आयर्लंडमधील तिच्या अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल) प्रकल्पामुळे युरोपीय उद्योगही धास्तावले. मालकीत बदल करून घेऊन जानेवारी २०१९ मध्ये ते निर्बंध उठवावे लागले.

प्रतिप्रश्न – सह्यकडा

दोघांचेही मनापासून आभार. मग सुटे भाग आणि तंत्रज्ञान यांचे काय?

उत्तर – बंदरकाठ

तिथे फटका लवकर दिसतो. २०२२ च्या उन्हाळ्यात लाडा ग्रांटा या रशियन मोटारी एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांशिवाय कारखान्याबाहेर पडल्या, कारण सुटे भाग बाहेरून येत होते. पुढे तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती आणि मध्य आशियातील देशांमार्गे बराच माल वळवला गेला, पण तो महाग पडतो आणि त्याचा पुरवठाही बेभरवशाचा असतो. त्यामुळे आता खरा झगडा या मधल्या देशांतील व्यापारी आणि बँकांवर दबाव आणण्याचा आहे.