कोरोनात सरकार नेमकं कुठं चुकलं? सीमाभागातल्यांनी सांगा

वडगाव_बेळगाव

मंडळी नमस्कार. परवा गडहिंग्लजचे मामा घरी आलेले, जेवताना डी'कुन्हा आयोगाचा विषय निघाला (कोरोनातल्या खरेदीची चौकशी करायला कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये नेमलेला तो) आणि मग ताटावर हात वाळले तरी कोण उठेना. मामांचं म्हणणं, महाराष्ट्रानं निदान आकडे दडवले नाहीत. काकांचं म्हणणं, तिकडं १ लाख ४८ हजारांवर माणसं गेली, कर्नाटकात ४० हजारांवर, मग शहाणं कोण ते तुम्हीच ठरवा.

मला दोघांचंही पटत नाही. लोकसंख्या किती, टेस्ट किती केल्या, घरातल्या घरात गेलेल्यांची नोंद कुणी केली, हे बघितल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार? देशाचंच बघा. २०२० मध्ये सगळ्या कारणांचे मिळून ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. हे सरकारच्याच नोंदणीतलं आहे, बाहेरच्या कुणाचं नाही. म्हणजे एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षात कोरोनाचे म्हणून मोजले ते साडेतीन लाखसुद्धा नाहीत. सगळी वाढ कोरोनाचीच असं मी म्हणत नाही, नोंदणीही सुधारली असेल, पण एवढी तफावत कशी काय?

तर लॉकडाऊन बरोबर होतं का, बॉर्डर बंद केली ते बरोबर होतं का, आणि दुसऱ्या लाटेत आपल्याकडं जे झालं त्याला जबाबदार कोण, यावर लिहा. ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनीच लिहा, व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड नको.

निपाणीकर

आकड्यांचं राहू दे, मी बॉर्डरचं बोलतो. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, या पट्ट्यातला माणूस जास्त आजारी पडला की कोल्हापूर न्हाईतर मिरज गाठतो, आज्जाच्या काळापास्नं हेच चाललंय. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याच्या दुप्पट लांब.

माझ्या चुलतीचं डायलिसिस कोल्हापुरात चालू होतं. एप्रिल २०२० मध्ये चेकपोस्टवर म्हणाले पास दाखवा. पास ऑनलाईन काढायचा, तो मंजूर होईना, आणि झाला तरी इकडचा पास तिकडं चालतोय का न्हाई हे कोण सांगायला तयार न्हाई. चुलत्यानं गाडीच्या बॉनेटवर फायली पसरल्या, क्रिएटिनिनचे रिपोर्ट, मागच्या पावत्या, सगळं. चुलतीनं पदर सारून हातावरचा फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला केलेली शिरेची जोडणी) दाखवला. तो पोलीस बिचारा म्हणतोय मामी मला कळतंय, पण वरनं ऑर्डर हाय. शेवटी आतल्या रस्त्यानं गेलो तर तिथं जेसीबीनं चर मारलेली. दोघांनी धरून तिला चरीपलीकडं नेली, तिकडं कागलच्या पावण्यांची गाडी उभी केलेली. दर खेपेला हे असंच. आता तुम्हीच सांगा, डायलिसिसच्या पेशंटला चर ओलांडायला लावून कुठला कोरोना थांबला?

केरळच्या बॉर्डरवर अस्संच झालेलं. कासरगोडच्या पेशंटना मंगळूरला सोडत नव्हते, तलपाडीला रस्ता अडवलेला, माणसं गेली त्यात. पण केरळवाले भांडले. १ एप्रिल २०२० ला केरळ हायकोर्टानं केंद्राला रस्ता मोकळा करायला सांगितलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि आठवड्याभरात पेशंटना सोडायची पद्धत ठरली. आमच्यासाठी कोण भांडलं सांगा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय, त्यावर दोन्हीकडचे पुढारी तासन् तास बोलत्यात. मग पेशंटच्या गाडीचा नियम दोघांनी बसून ठरवायला काय झालेलं?

हुक्केरी_मास्तर

मी सरकारी शाळेत शिक्षक, त्या काळात चेकपोस्टला ड्युटी होती. निपाणीकर, पेशंटला अडवायलाच नको होतं, त्यावर वाद नाही. पण बॉर्डर मोकळी ठेवायची होती असं कोण म्हणत असेल तर मी विरोधात आहे. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गाव गाठणाऱ्यांची रांग मी बघितलीय, टेम्पोत ताडपत्रीखाली लेकरंबाळं घेऊन बसलेली. त्या महिन्यात कर्नाटकात सापडणारे बहुतेक पेशंट महाराष्ट्रातून आलेले असायचे, रोजच्या बुलेटिनमध्ये यायचं ते. १८ मे ला तर महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू, केरळ अशा चार राज्यांतून यायलाच महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. आणि जे आले त्यांना ठेवायचं कुठं? तर शाळेत. माझ्याच वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या, एवढ्या माणसांत दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही, बायका रात्री एकमेकींना सोबत घेऊन जायच्या. सगळी गावं एकदम उघडली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉकडाऊननं रोग जात नाही, वेळ मिळतो, आणि मिळालेल्या वेळात काय केलं हे विचारा. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं सरकारी हॉस्पिटलांसाठी ऑक्सिजन प्लांटचं टेंडर काढलं, पुढं ते सगळे मिळून १६२ झाले. १८ एप्रिल २०२१ ला आरोग्य मंत्रालयानंच सांगितलं की ३३ बसलेत. सहा महिन्यांत ३३! नोव्हेंबर २०२० मध्ये संसदेच्या आरोग्य समितीनं ऑक्सिजनचा पुरवठा आणि किंमत बघा म्हणून लिहून दिलेलं, तरी. मग २ मेच्या रात्री चामराजनगरच्या जिल्हा हॉस्पिटलात २४ जण गेले, आणि कर्नाटक हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्याला रोज १२०० टन ऑक्सिजन द्या. केंद्र त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं! तिथं दाद मिळाली नाही ते सोडा, पण गेलं हे मी विसरणार नाही. आणि जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर काय, तर ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी कळवलेलं नाही. केंद्राला विचारलं की राज्याकडं बोट आणि राज्याला विचारलं की केंद्राकडं.

टिळकवाडी_गल्ली

मास्तर बरोबर बोललात, पण बेळगावचं स्वतःचं एक प्रकरण आहे ते राहिलं. आपले खासदार, रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनानंच गेले, पार्थिवसुद्धा बेळगावला आणता आलं नाही, दिल्लीतच अंत्यविधी झाला. आणि कोरोनानं रिकामी झालेली ती जागा भरायला पोटनिवडणूक कधी घेतली तर १७ एप्रिल २०२१ ला, लाट चढत असताना. मुख्यमंत्री येडियुराप्पा इथं प्रचाराला होते आणि १६ तारखेला पॉझिटिव्ह आले. फडणवीस येऊन गेले, संजय राऊत येऊन गेले. मी महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस, आपल्या उमेदवाराला लाखावर मतं पडली याचा मला अभिमान आहे, पण आपल्या सभेतसुद्धा खांद्याला खांदा लावून माणसं होती हे मी लपवणार नाही.

लोक म्हणतात सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायचा कायदा आहे, निवडणूक आयोग तरी काय करणार. अहो ते सहा महिने २३ मार्चलाच संपलेले! मुदत उलटून गेलेलीच होती, मग आणखी दोन महिन्यांनी काय बिघडलं असतं? त्याच कायद्यात आहे की अडचण असेल तर केंद्र सरकारशी बोलून आयोगाला पुढं ढकलता येतं. मतदान १७ ला झालं आणि २७ एप्रिलच्या रात्रीपासून राज्य बंद. म्हणजे दहा दिवस आधी सभेला चला म्हणणारे दहा दिवसांनी दुकानाचं शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून दंड मारूलालेत. मला लॉकडाऊनपेक्षा याचा राग जास्त आहे.

खानापूर_जांबोटी

आमच्याकडं वेगळीच तऱ्हा. १ मे २०२१ पासून १८ च्या वरच्यांना लस, पण कोविनवर (सरकारचं लसनोंदणीचं पोर्टल) नाव घातल्याशिवाय नाही. जंगलातल्या गावात रेंज टेकडीवर जाऊन मिळते, ओटीपी येईपर्यंत स्लॉट गायब. आमच्या आरोग्य केंद्रात शहरातली पोरं गाडी घेऊन लस घ्यायला यायची आणि गावातली दारात उभी राहून बघायची. ३१ मे ला सुप्रीम कोर्टानं यावरनंच केंद्राला सुनावलं, आणि २१ जूनपासून सरसकट थेट जाऊन लस मिळायला लागली. ही गोष्ट आधी कुणाच्या डोक्यात का आली नाही, ती धोरणं ठरवणारे कधी आमच्या बाजूला आलेत का?

आशा_चिकोडी_तालुका

मी आशा कार्यकर्ती आहे, गावाचं नाव लिहीत नाही. आकडे कमी का, असं वर विचारलंय, त्याचं सांगते.

मे २०२१ मध्ये घरोघर ताप होता. टेस्टला चला म्हटलं की दार लावून घ्यायचे. पॉझिटिव्ह आलं तर सेंटरला नेतील, दाराला कागद चिकटवतील, गल्लीला पत्रे मारतील, म्हणून टायफॉईड आहे असं सांगून गावातल्याच डॉक्टरकडं सलाईन लावून घ्यायचे. मी ऑक्सिमीटर घेऊन जायची. एका आजोबांचं ८२ आलं, सूनबाई म्हणते मशीन बिघडलंय ताई, मग मी माझं बोट घालून दाखवलं, ९८. तरी नेलं नाही. ते घरातच गेले. माझ्या वहीत ताप, खोकला, दम असं लिहिलंय आणि टेस्टच्या रकान्यात 'नाही'. दाखल्यावर हार्ट अटॅक. असली माणसं कुठल्याच आकड्यात नाहीत.

लोकांना अडाणी म्हणू नका. ही भीती कुठून आली ते बघा. मार्च २०२० मध्ये सरकारनंच क्वारंटाईनमधल्या लोकांचे पत्ते जाहीर केले, हातावर शिक्के मारले. सुरुवातीला ज्या गावांत पेशंट सापडले त्या गावच्या माणसाला बाजारात कोण भाजी देईना. नाव फुटणार हे एकदा मनात बसलं की माणूस टेस्ट करत नाही, आणि ती भीती काढायला मग आम्हाला पुढं केलं. साधा मास्क स्वतः शिवून घातला आम्ही. जुलै २०२० मध्ये राज्यातल्या आशांनी महिना १२ हजार आणि सुरक्षेचं सामान मागून संप केला तेव्हा साथीच्या काळात संप करता म्हणून आम्हालाच बोल लावले. टाळ्या वाजवल्या होत्या ते ठीक आहे, पण टाळीनं मास्क येत नाही.

निपाणीकर

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला.
मास्तर, वेळ मिळतो हे मान्य. पण २०२१ च्या ऑगस्टला काय होतं? दोन डोस झालेत तरी महाराष्ट्रातनं यायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर पाहिजेच, रोज ये-जा करणाऱ्यानं दर १५ दिवसांनी टेस्ट करायची. कागलच्या एमआयडीसीत हजेरीवर जाणाऱ्याला ते परवडतंय का? आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तर कर्नाटकानं विरोध केला. एवढं सोसून झाल्यावरसुद्धा आमच्या उपचारावरनं भांडणंच. एकानं कार्ड द्यावं, दुसऱ्यानं रस्ता सोडावा, मला दोन्ही पाहिजे.

वडगाव_बेळगाव

सगळ्यांचे आभार, हे सगळं मामांना आणि काकांना वाचून दाखवणार. आशाताई, एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीतले एकजण पॉझिटिव्ह आल्यावर घरीच होते, पंधरवड्यात गेले, दाखल्यावर हार्ट अटॅकच आहे. बायको शिवणकाम करून घर चालवते, बीपीएल कार्ड आहे. त्यांनी कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मिळायचे ते सरकारी मदतीचे ५० हजार पण घेतले नाहीत, आपल्याला मिळत नाही असं कोणीतरी सांगितलेलं. अजून काय होईल का?

आशा_चिकोडी_तालुका

दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्यावरनं नाकारता येत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर घरी झाला तरी तो कोरोनाचाच धरायचा असं ठरलेलं आहे. ५० हजार त्याचे, आणि बीपीएल घरातला कमावता माणूस गेला असेल तर राज्याचे १ लाख वेगळे होते. अर्जाची मुदत २०२२ मध्येच संपली, पण अडचणीमुळं राहिलं असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडं जाता येतं असं सुप्रीम कोर्टानं म्हटलेलं, प्रत्येकाचं वेगवेगळं बघतात. आता मिळेलच असं मी सांगू शकत नाही, पण डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी विचारून परत येऊ नका, पोच घ्या.

आधी पॉझिटिव्ह रिपोर्ट शोधा, सगळं त्यावर आहे. कागद नसेल तर त्यांचा जुना मोबाईल बघा, स्वॅब दिल्यावर एसआरएफ आयडीचा (टेस्टच्या नोंदीचा नंबर) एसएमएस यायचा. तो नंबर मिळाला की मला इथंच मेसेज करा, अर्ज कसा लिहायचा ते सांगते.