नांगरट न करता अळसांदे (चवळी) पेरायचेत, पण सावा (भातातलं तण) औषधाने मरत नाही

मोरडातला_शेतकरी (डिचोली):
नमस्कार मंडळी, सरदाचं (पावसाळी) भात हार्वेस्टरने कापून झालं, ओल आहे तोवर नांगर न घालता तसेच अळसांदे पेरायचा विचार आहे. अडचण सावाची. भातात बरीच वर्षं बिस्पायरीबॅक हे तणनाशक मारतोय, आधी साफ व्हायचं, आता मेरेकडे (बांधाजवळ) आणि मधेमधे हिरवागार उभा राहतो. दुकानदार म्हणतो डोस वाढवा. भुईमुगात मारतात ते इमाझेथापायर चालेल का?

कृषीपदवीधर_फोंडा:
भाऊ, डोस अजिबात वाढवू नका. सावाचं एक रोप मेलेलं आणि त्याला लागूनच दुसरं टवटवीत, असं दिसत असेल तर त्या तणात प्रतिकारशक्ती आल्याचा संशय घ्यायचा. सगळंच पिवळं पडून परत उठलं असेल तर उशिरा फवारणी नाहीतर खराब नोजल ही कारणं जास्त असतात. आणि इमाझेथापायरचं म्हणाल तर नाव वेगळं असलं तरी ते आणि बिस्पायरीबॅक दोन्ही तणातलं एकच एन्झाइम बंद पाडतात, एएलएस म्हणतात त्याला, म्हणजे भातात वाचलेला सावा यातूनही वाचू शकतो. पंजाब-हरियाणात गव्हातलं गुल्लीदंडा हे तण असंच आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं, १९९० च्या दशकातली गोष्ट. पेंडीमेथॅलिन या तणनाशकाचा गट वेगळा आहे पण ते फक्त उगवत्या बियांवर चालतं, उभ्या तणावर नाही, आणि पेंढा जाड पसरला असेल तर बरंचसं पेंढ्यावरच अडकतं.

पेडणे_कुळागर:
मग ग्लायफोसेट हे तणनाशक मारून मोकळं व्हायचं ना?

कृषीपदवीधर_फोंडा:
ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच मारायचं आहे. शिवाय त्यालाही न जुमानणारं रायग्रास नावाचं गवत ऑस्ट्रेलियात १९९६ सालीच नोंदलं गेलंय. पॅराक्वाट या तणनाशकाकडे तर कृपा करून वळू नका, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

सत्तरीची_ताई:
पाण्याची सोय असेल तर आत्ताच एक हलकं पाणी द्या, वरवरचं बी उगवू द्या, दोन-तीन पानांवर आलं की कोळप्याने अगदी वरच्यावर खरवडून काढा, खोल नको, नाहीतर खालचं बी वर येतं. मग माती न हलवता पेरा आणि पेंढा सारखा पसरा. पाणी नसेल तर थांबू नका, ओल गेली तर अळसांदे उगवायचेच नाहीत, उभा सावा मुळासकट उपटा आणि लगेच पेरा. आणि हार्वेस्टर दुसऱ्याच्या शेतातून आपल्यात येतो तेव्हा तो आधी झाडून घ्यायला लावा, बी त्यातूनच फिरतं, आमच्याकडे कोणी बघतच नाही.

मोरडातला_शेतकरी (डिचोली):
पंप आहे ताई, पाणी देतो. मेरेकडच्या सावाला कणसं आलीत, ती उपटून गुरांना घातली तर चालेल ना?

सत्तरीची_ताई:
दाणा भरला नसेल तर खुशाल घाला. भरला असेल तर नको, शेणखतातून परत शेतातच येईल, त्यापेक्षा पिशवीत भरून बाहेर न्या आणि जाळा.