हे लेड झेपेलिन नव्हे, तर मग कोण?

गोदाकाठ:
गेल्या रविवारी संध्याकाळी मुलासोबत गंगापूर रोडकडून येताना अशोक स्तंभापाशी गाड्यांच्या गर्दीत अडकलो होतो. त्याने गाडीच्या स्पीकरवर एक गाणे लावले. गिटारची छोटी, पुन्हापुन्हा येणारी ओळ आणि तिच्यावर एकाएकी उठलेली, जवळजवळ किंकाळीच म्हणावी अशी हाक ऐकून मी छातीठोकपणे म्हणालो, की हे लेड झेपेलिन या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचे माझ्या ऐकण्यातून सुटलेले गाणे दिसते. चिरंजीव हसले. गाणे होते २०१७ सालचे ‘हायवे ट्यून’ आणि बँडचे नाव ग्रेटा व्हॅन फ्लीट: मिशिगनमधल्या फ्रँकनमथ या लहान गावातले किझ्का घराण्यातले तिघे भाऊ, त्यांतले जॉश आणि जेक जुळे, आणि ड्रमवर त्यांचा मित्र डॅनी वॅग्नर.

झेपेलिनचा ड्रमवादक बोनम १९८० मध्ये गेला तेव्हा मी शाळेत होतो. त्यांची गाणी माझ्यापर्यंत पोहोचली ती मेन रोडवरच्या एका दुकानातून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतल्यामुळे. म्हणूनच त्या दिवशी आनंद झाला आणि लगेच फसवले गेल्यासारखेही वाटले. या मंडळींचे स्वतःचे असे काही आहे का, की ही केवळ उत्तम नक्कल आहे?

तबकडी_३३:
नक्कलच आहे, आणि ती उत्तम आहे हीच माझी तक्रार आहे. त्यांच्या ‘फ्रॉम द फायर्स’ला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तर त्याआधी २०१८ च्या ‘अँथम ऑफ द पीसफुल आर्मी’ला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी १.६ गुण दिले होते. मला दोन्ही निकाल अतिरेकी वाटतात, पण पिचफोर्कची चीड समजू शकते. झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले बोनमचे ड्रम आठवा. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडून मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते, आणि त्या उंच, मोकळ्या जागेचा घुमाराच गाण्याचा भाग झाला. तो आवाज कसा मिळेल हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. तो प्रयोगातून हाती लागला. आज तोच घुमारा आयता समोर ठेवून त्याच्यासारखे वाजवणे म्हणजे दुसऱ्याने शोधलेल्या वाटेवरून फेरफटका मारणे होय.

मध्यम_तीव्र:
आपले ड्रमविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु ते गाणे मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या ब्लूज गायकांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले आहे, हे आपण सोडून दिलेत. झेपेलिनच्याच ‘होल लॉटा लव्ह’मधल्या शब्दांवरून ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला आणि त्यांचे नाव श्रेयात आले. म्हणजे ज्यांची नक्कल होते म्हणून आपण हळहळतो, त्यांनी स्वतः उसनवारी केली आणि बरेचदा सावकाराचे नावही सांगितले नाही. या मुलांनी निदान बहुतेक गाणी तरी स्वतः रचली आहेत.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे, तर कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत. त्या वयात कोणी त्यांना नकलाकार ठरवून निकाली काढले असते, तर?

तबकडी_३३:
कुमारांचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. बी. आर. देवधरांकडे शिकल्यानंतर त्यांनी त्या तबकड्यांच्या बाहेर पाऊल टाकले, आणि लोकांना धक्का बसला तो त्यांच्या स्वतःच्या गाण्याने. झेपेलिननेही ब्लूज घेतले ते आकार बदलण्यासाठी. डिक्सन यांचे शब्द घेतले हे वाईटच, पण तेच शब्द मडी वॉटर्सने गायलेल्या १९६२ च्या ध्वनिमुद्रणाशेजारी ‘होल लॉटा लव्ह’ ठेवून ऐका, म्हणजे दोन वेगळी जगे ऐकू येतात. ‘हायवे ट्यून’ झेपेलिनशेजारी ठेवले, तर शेजारच्या दोन खोल्या ऐकू येतात. इतकाच माझा मुद्दा आहे.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. सुचवल्याप्रमाणे मी मडी वॉटर्स आणि झेपेलिन पाठोपाठ ऐकले, आणि मग २०२१ चा ‘द बॅटल अ‍ॅट गार्डन्स गेट’ लावला. त्यातली गाणी लांबलचक आहेत, काही ठिकाणी सुस्तही आहेत, पण जॉशची ती हाक वाद्यांच्या गर्दीत मागे राहून नुसती लांबत जाते तेव्हा मला झेपेलिनचा गायक प्लँट आठवत नाही. एका अल्बममध्ये तीन-चार मिनिटे असे होते. ‘हायवे ट्यून’ मात्र मी मुलाच्या गाडीतच ऐकेन; घरी त्या आवाजासाठी माझी झेपेलिनची जुनी कॅसेट आहे, दुसऱ्या बाजूची टेप थोडी चुरगळलेली असली तरी.