शब्दचर्चा : एका वाक्यातले दोन 'सिंक'

बोरू :
जीस्ट्रीमर या मुक्तस्रोत मल्टिमीडिया फ्रेमवर्कच्या माहितीपुस्तिकेचा मराठी मसुदा मी तपासत असून एका वाक्यापाशी अडलो आहे. वाक्य असे : 'सिंकचे सिंक बंद केल्यास बफर येताक्षणी दाखवला जातो.' यातला पहिला सिंक (sink) म्हणजे पाइपलाइनच्या, म्हणजे डेटावर क्रमाने काम करणाऱ्या घटकांच्या साखळीच्या, शेवटचा एलिमेंट (घटक), जो चित्र पडद्यापर्यंत किंवा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवतो. दुसरे सिंक (sync) ही त्याच एलिमेंटची प्रॉपर्टी, म्हणजे बदलता येणारी सेटिंग, असून ती चालू असताना प्रत्येक बफर (डेटाचा तुकडा) घड्याळात त्याची वेळ होईपर्यंत थांबवून ठेवला जातो. इंग्रजीतही दोघांचा उच्चार एकच आहे, परंतु तेथे स्पेलिंग वाचकाला सावरून घेते; देवनागरी उच्चाराबरहुकूम लिहिली जात असल्यामुळे आपल्याकडे तो आधार उरत नाही. त्याच पानावर 'फिल्टरच्या सिंक पॅडमधून डेटा बाहेर पडतो' अशी सरळ चूकही आहे. फिल्टर हा साखळीतला मधला एलिमेंट आणि पॅड म्हणजे एलिमेंटचे जोडणीचे तोंड. डेटा सिंक पॅडमधून आत येतो आणि सोर्स पॅडमधून पुढच्या एलिमेंटकडे जातो. ही दुरुस्ती पाठवण्यापूर्वी दोन्ही सिंकना काय म्हणावे, हे जाणकारांनी सुचवावे.

शब्दार्थी :
पहिल्यासाठी 'ग्राही' आणि दुसऱ्यासाठी 'समक्रमण' असे दोन स्वच्छ शब्द उपलब्ध असताना परकी अक्षरे कशासाठी कवटाळायची? 'दिग्दर्शक' आणि 'संकलन' हे शब्दही कधी काळी नवेच होते. लोकांनी ते वापरले आणि ते रुळले. आपण दाखवलेली पॅडची चूकसुद्धा परक्या शब्दामुळेच झाली असावी, असे मला वाटते. सिंक म्हणजे शेवट, आणि शेवट म्हणजे बाहेर पडण्याची जागा, असा तर्क अनुवादकाने केला असणार. 'ग्राही पॅडमधून डेटा बाहेर पडतो' हे वाक्य लिहिताना त्याचा हात आपोआप थांबला असता.

तारयंत्र :
शब्दार्थी, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. पहिला मात्र पटत नाही. मी नवख्यांना पाइपलाइन जोडायला शिकवतो, तेव्हा ते पुस्तिकेतला शब्द वाचतात आणि तोच कमांडमध्ये टंकतात. पुस्तिकेत 'समक्रमण' छापले, तरी एलिमेंटला ते कळत नाही. तेथे प्रॉपर्टीचे मूळ नावच द्यावे लागते. अर्थ समजावताना 'समक्रमण' जरूर वापरावा, परंतु नाव म्हणून तो चालणार नाही. शिवाय मसुद्यात पुढे 'सर्व सिंक घड्याळाप्रमाणे चालतात' असे विधान असेल, तर तेही तपासावे. फाइलमध्ये लिहिणारा फाइलसिंक आणि डेटा नुसता टाकून देणारा फेकसिंक यांच्यात ही प्रॉपर्टी मुळातच बंद असते. फाइल लिहिताना कोणी पाहत किंवा ऐकत नसते, त्यामुळे घड्याळाची वाट पाहण्याचे कारणच नसते.

अनुस्वार :
एलिमेंटसाठी 'सिङ्क' आणि प्रॉपर्टीसाठी 'सिंक' असे लिहिले तर?

शब्दार्थी :
ते नियमात बसत नाही. 1962 च्या लेखननियमांनुसार परसवर्णाचा (अनुस्वाराऐवजी ङ्, न्, म् अशी अनुनासिके लिहिण्याचा) विकल्प केवळ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना आहे. इतर शब्द शीर्षबिंदू देऊनच लिहावेत. आणि नियम बाजूला ठेवला, तरी मोठ्याने वाचणाऱ्याला या भेदाचा काहीही उपयोग नाही.

मूळशोधी :
सिंकपेक्षा सोर्सकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. सोर्स पॅडला 'स्रोत पॅड' म्हणण्याची सर्वांना सवय झाली आहे. पण संस्कृतात 'स्रोतस्' म्हणजे प्रवाह, 'स्रु' म्हणजे वाहणे या धातूपासून आलेला. जेथून प्रवाह निघतो, त्या जागेला मराठीत 'उगम' हा नेमका शब्द आहे. 'स्रोत' त्याच्या मूळ अर्थाने मोकळा ठेवला, तर डेटाच्या दिशेने जाणाऱ्या इव्हेंटला (एलिमेंट एकमेकांना धाडतात त्या सूचनेला) 'अनुस्रोत' आणि उलट जाणाऱ्याला 'प्रतिस्रोत' म्हणता येईल. प्रवाह संपल्याची सूचना अनुस्रोत जाते, तर सीकची, म्हणजे दुसऱ्या क्षणावर उडी घेण्याची, मागणी प्रतिस्रोत. याच दिशांच्या इंग्रजी नावांचे, अपस्ट्रीम (प्रवाहाविरुद्ध) आणि डाउनस्ट्रीम (प्रवाहाबरोबर) यांचे, 'वर' आणि 'खाली' असे भाषांतर मी पाहिले आहे; आकृतीत पाइपलाइन डावीकडून उजवीकडे काढलेली असल्यामुळे ते वाचून काहीच बोध होत नाही.

तारयंत्र :
'मुक्तस्रोत' या शब्दात स्रोत म्हणजे सोर्सच आहे आणि तो आता जनमानसात पक्का झाला आहे. एकाच पुस्तिकेत पहिल्या पानावर स्रोताचा एक अर्थ आणि पाचव्या पानावर दुसरा, असे केले तर सिंकचाच घोळ आपण नव्याने निर्माण करू.

मूळशोधी :
रूढी चुकीच्या अर्थावर उभी असेल, तर ती तशीच पुढे न्यावी हे मला मान्य नाही. 'अनुस्रोत' एकदा समजला, की विसरत नाही.

बोरू :
मला एक निराळी वाट दिसते. आपण लिंगाचा उपयोग करून घ्यावा. एलिमेंट पुल्लिंगी आणि प्रॉपर्टी नपुंसकलिंगी मानली, तर 'सिंक बंद केला' आणि 'सिंक बंद केले' यांतला फरक क्रियापदच सांगेल. वेगळा शब्द घडवावा लागणार नाही. सुरुवातीला मी 'पहिला सिंक' आणि 'दुसरे सिंक' असे लिहिले, ते याच विचाराने.

अनुस्वार :
परंतु 'सिंकमुळे उशीर होतो' या वाक्यात लिंग कोठे दिसते? विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले, की दोन्ही रूपे पुन्हा एकच होतात; आणि उशीर एलिमेंटमुळे होतो की घड्याळाची वाट पाहिल्यामुळे, हेच तर वाचकाला तेथे जाणून घ्यायचे असते.