आपल्याकडची मोटर पाच महिन्यांत जळाली, माल खरंच बिघडलाय का?

द्राक्षबागवाला (तासगाव): मंडळी एक विचारायचंय. दिवाळीत विहिरीवर ५ एचपीची मोटर बसवली, मुद्दाम आपल्या भागातल्या कारखान्यातली घेतली, दुकानदार म्हणत होता चायनाची घ्या स्वस्त पडंल, पण म्हटलं आपलीच पोरं तिथं कामाला आहेत जाऊदे दोन पैसे जास्त. मार्चमध्ये जळाली, छाटणीच्या तोंडावर. खोलली तर आत सगळं अल्युमिनियम वायंडिंग (तारेची गुंडाळी), वरनं रंग मात्र झकास. चुलत्यांच्या विहिरीवर आजोबांनी घेतलेली अजून चालतीय, बेरिंग बदलली तेवढीच. १९१० ला किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला तो हा भाग, आणि आता ही गत?

वायंडर_विटा: रोज दोन-तीन अशाच येतात दादा. अल्युमिनियम वाईट असतं असं नाय, पण तांब्याएवढं काम करायला दीडपटीच्या वर तार भरावी लागती आणि स्लॉट, म्हणजे तार बसायची खाच, तर तेवढाच, मग भरतात कमी. रात्रीच्या लाईटीला व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढती, तांबं थोडं सोसतं, हे लगेच काळं पडतं. तुमची स्टार्टरवर ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारी, सेट होती का?

द्राक्षबागवाला: होती की.

कुपवाड_लेथ: मी या धंद्यातलाच, शिव्या घाला पण ऐका. २००१ च्या एप्रिलला शेवटच्या ७१५ वस्तूंवरची आयातीची बंधनं उठली तेव्हा मी लेथवर नवीन होतो, पंपाचं सोडा, बाजारात बॅटऱ्या, खेळणी, कुलपं सगळंच बाहेरचं दिसायला लागलं. आता डीलर चायनाचा पीस टेबलावर ठेवतो आणि म्हणतो या रेटला बसतंय का बोला. मग कास्टिंगची भिंत पातळ, स्टॅम्पिंग (आतल्या लोखंडी पत्र्याच्या चकत्या) कमी, तांबं बाहेर. त्याच शेडमध्ये पलीकडं एक्स्पोर्टचा जॉब चालतो, तिथं दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इकडचं तिकडं झालं तर आख्खा लॉट परत. माणसं तीच, मशीन तेच.

साताऱ्याचा_पाव्हणा: रेटचं रडगाणं नको ओ. स्वस्त बनवा की, कोण नको म्हणतंय, पण बॉडीवर ठळक लिहा आत अल्युमिनियम आहे म्हणून. चायनावाल्यानं फसवलं तर तो लांबचा, तुम्ही तर एका ताटात जेवणारे.

कुपवाड_लेथ: लिहिलं तर डीलर उचलत नाय. खरं तेच सांगतो.

वायंडर_विटा: तासगावकर, पुढच्या वेळी आयएसआयच्या शिक्क्याखालचा सीएम/एल म्हणजे लायसन्सचा नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, खोटे शिक्के पण लय फिरतायत. आणि आता नवी घेऊ नका, बॉडी नि शाफ्ट बरा असंल तर तांब्यात भरून देतो.

द्राक्षबागवाला: उद्या टेम्पोत टाकतो. तार पुरेल ना त्या स्लॉटमध्ये?

वायंडर_विटा: पुरती. समोर बसा, तार वजन करून घ्या, माझ्याकडनंसुद्धा.