मदत हवी आहे: लेक एरीकाठची गावं आणि होम्स काउंटीचा आमिश भाग, जुलैत आईबाबांसोबत

आंबेमोहोर:
नमस्कार मंडळी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ओहायोतल्या कोलंबसहून गाडीने निघायचं आहे, तीन रात्री. सोबत भारतातून आलेले आईबाबा. दोघेही शाकाहारी, अंडंही चालत नाही. आईचे गुडघे दुखतात, बाबा शेतकरी आहेत. सध्याचा बेत: शुक्रवारी बर्लिन (होम्स काउंटीतलं गाव), शनिवारी लेक एरीतलं पुट-इन-बे बेट, रविवारी परत येऊन आमिश लोकांची (वीज आणि मोटारी टाळणारा जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ) शेतं आणि बाजार, सोमवारी घरी. यात काय चुकतंय? जेवणाचं काय करावं? घोडागाड्यांच्या रस्त्यावर गाडी चालवताना काय सांभाळायचं?

तळ्याकाठी:
वार चुकलेत, सगळा बेत उलटा करा. रविवारी आमिश दुकानं, चीजचे कारखाने, खानावळी, बाजार सगळं बंद असतं. एक रविवार आड कुणाच्या तरी घरी प्रार्थना भरते, त्या सकाळी रस्त्यावर घोडागाड्यांची रांग असते. शनिवारी पुट-इन-बेला पिणाऱ्यांची झुंबड उडते, आईबाबांना घेऊन नकोच. शक्य असेल तर रविवारी निघा:

रविवार: कोलंबस ते पोर्ट क्लिंटन, साधारण दोन तास. संध्याकाळी मार्बलहेडचं दीपगृह. १८२२ पासून दिवा अखंड सुरू आहे, पंचमहासरोवरांवरचं सलग चालू असलेलं सगळ्यात जुनं. वर ७७ पायऱ्या आहेत, आईंनी खालीच चुनखडीच्या खडकांजवळ बसावं. तिथून बेटं दिसतात.

सोमवार: कटॉबाहून मिलर फेरीने बेट, वीसेक मिनिटं. गाडी धक्क्यावरच ठेवा, बेटावर गोल्फ कार्ट भाड्याने मिळते. १८१३ च्या लेक एरीच्या लढाईचा ३५२ फुटी स्तंभ तिथे आहे. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंतच ३७ पायऱ्या आहेत. हे तिकीट काढण्याआधी आईंना सांगा.

मंगळवार: यूएस २५० ने नॉरवॉक, ॲशलंड, वूस्टर. वाटेत मायलनला एडिसनचं जन्मघर लागतं. वूस्टरहून पूर्वेला किड्रनला वळा. तिथलं लेहमन्स हे दुकान १९५५ पासून विजेशिवाय चालणाऱ्या वस्तू विकतं: हाताने फिरवायचं लोणी काढायचं यंत्र, कंदील, लाकडाच्या चुली. बाबा तिथून लवकर बाहेर यायचे नाहीत, दोन तास धरा. मुक्काम बर्लिनला.

बुधवार: सकाळी माउंट होपचा गुरांचा लिलाव. दुपारनंतर यूएस ६२ ने घरी.

हिरवाकंच:
पाण्याबद्दल. लेक एरी पाचांत सगळ्यात उथळ. पश्चिमेकडच्या भागाची सरासरी खोली जेमतेम २४ फूट. म्हणून पाणी लवकर तापतं, पण वारा सुटला की तासाभरात आखूड, उभ्या लाटा उठतात. परतीच्या बोटीसाठी शेवटच्या फेरीवर विसंबू नका.

उथळ आणि गरम पाण्यात मॉमी नदीतून शेतातल्या खतांचं फॉस्फरस येऊन मिसळतं आणि जुलैअखेरपासून निळं-हिरवं शेवाळ वाढतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराचं पिण्याचं पाणी यामुळेच बंद करावं लागलं होतं. हे विष उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की जास्त दाट होतं. काठावर काठी बुडवून बघा: लांब दोरे अडकले तर साधं शेवाळ. काठीला हिरव्या रंगाचा हात दिल्यासारखा थर बसला तर पाय घालू नका. ओहायोच्या आरोग्य खात्याचं बीचगार्ड पान त्याच दिवशी सकाळी पाहा.

मे-फ्लाय किड्यांचा मोठा बहर मात्र जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच असतो, तुमच्या तारखांना बहुतेक ओसरलेला असेल.

चतकोर:
जेवण सगळ्यात अवघड आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमिश पद्धतीच्या खानावळीत 'भाजी' दिसली म्हणजे शाकाहारी असं समजू नका. नूडल्समध्ये अंडं असतं आणि त्या कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. हिरव्या शेंगांत हॅम, बीन्समध्ये बेकन. मॅश्ड पोटॅटोवर रस्सा आधीच ओतलेला असतो, तो नको म्हणून सांगावं लागतं. पायच्या पारीत बरेचदा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, काही पायच्या सारणात अंडंही. चीजसाठी रेनेट (दूध गोठवणारं विरजण, ते वासराच्या पोटातलंही असतं) कुठलं वापरलं हे काउंटरवर विचारा, सांगतात.

चालण्यासारखं: ॲपल बटर, ज्यात नाव काहीही असलं तरी लोणी नसतं, सफरचंदाचा आटवलेला मुरंबाच तो. कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) घ्यायचं तर अंड्याचं मेयोनेज आहे का विचारा. आमिश पीनट बटर टाळा, त्यात मार्शमॅलो क्रीम मिसळतात आणि क्रीममध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो. लेककाठी पर्च मासा आणि बटाटे एकाच तेलात तळतात, हे पण विचारून घ्या.

माझा आग्रह: स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, एक छोटा कुकर गाडीत टाका. रस्त्याकडेच्या टपरीवर मक्याची कणसं आणि टोमॅटो मिळतील, बरेचदा माणूस नसतो, डब्यात पैसे टाकायचे. पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

सारथी:
घोडागाडीचं गणित समजून घ्या. तुम्ही ताशी ५५ मैल, पुढची मोटार ४५ मैल आणि अंतर ५०० फूट असेल, तर तिला गाठायला साधारण ३४ सेकंद लागतात. तिथेच ८ मैलांनी जाणारी घोडागाडी असेल तर ७ सेकंद. डोळ्यांना ती सुरुवातीला मोटारीसारखीच वाटते, म्हणून लोक ब्रेक उशिरा लावतात. २०२२ पासून ओहायोत पिवळा लुकलुकणारा दिवा सक्तीचा आहे, तरी काही कर्मठ पंथांच्या गाड्यांवर तुम्हाला हळू वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणही दिसणार नाही. चढाच्या माथ्यावर वेग आधीच कमी करा.

हॉर्न नको, घोडा बिचकतो. दुहेरी पिवळी रेघ असली तरी पुढचं वाहन वेगमर्यादेच्या निम्म्याहून हळू असेल, समोरचा रस्ता पुरेसा दूरवर मोकळा दिसत असेल आणि तुम्हाला मर्यादेत राहून ओलांडता येत असेल, तर ओहायोचा कायदा ओलांडू देतो. वळणावर किंवा माथ्यावर अजिबात नाही. थांब्यावर घोडागाडीच्या मागे दहा फूट तरी सोडा, ती थोडी मागे सरकते. दऱ्यांत मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

आंबेमोहोर:
खूप आभार. रजा रविवार ते बुधवार करून घेतली. बाबांना लिलावात बसता येईल का? आणि फोटो?

सारथी:
बसता येतं, बघायला नाव नोंदवावं लागत नाही. मागच्या बाकावर बसा आणि लिलाव चालू असताना हात वर करून बाबांना काही दाखवू नका, बोली धरली जाते. पुकारा इंग्रजीतच पण फार वेगात असतो, मालकांची आपसातली भाषा पेन्सिल्व्हेनिया डच, म्हणजे जर्मनचीच एक शाखा.

चेहऱ्यांचे फोटो नकोत. माणसाची प्रतिमा करणं त्यांच्या धर्मात निषिद्ध आहे. शेताचे, पाठमोऱ्या घोड्यांचे दुरून घ्या. त्या दिवसांत कापलेल्या ओटच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून रानभर उभ्या केलेल्या दिसतील, आणि गवताच्या गठ्ठ्याच्या यंत्रावर इंजिन बसवलेलं पण ओढायला मात्र बेल्जियन घोडे. त्यातला एकेक आठशे-नऊशे किलोचा असतो. बाबांना नांगर, जू, खोगीर यांबद्दल काही विचारायचं असेल तर दुकानात गर्दी नसताना थेट विचारू द्या, तुम्ही फक्त दुभाषे व्हा.