हातात पाना घेऊन गेलेले खाणीवर साहेब कसे झाले? अनुभव लिहा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, कणबर्गीत लेथवर नाहीतर डिझेल गॅरेजात हात काळे केलेली आपली कितीतरी पोरं आज परदेशातल्या खाणींवर आहेत. फिटर, वेल्डर म्हणून गेलेले काहीजण आता अख्खी पाळी, अख्खं वर्कशॉप सांभाळतात. व्हिसाची माहिती एजंट देतो. पण तिथं पोचल्यावर वर कसं चढायचं, हे आयटीआयच्या पोरांना सांगणारं कुणी भेटत नाही. जे त्या वाटेनं गेले त्यांनी लिहावं. पगाराचे आकडे नकोत, वाट सांगा. घरच्या मंडळींनीही लिहावं.

कणकुंबीकडचा, सध्या पर्थ (डिझेल फिटर, आता मेंटेनन्स सुपरिंटेंडंट)

आमच्याकडून चोर्ला घाट उतरला की गोव्यातलं साखळी गाव. त्यामुळं आयटीआय बेळगावात झालं तरी डंपर खरा शिकलो तो गोव्याच्या खाणींवर. २०१२ च्या सप्टेंबरात तिथलं खाणकाम थांबलं आणि ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळवाल्या मावश्या, सगळ्यांचंच बसलं. मी झांबियात तांब्याच्या खाणीवर गेलो, तिथून पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारात. लोहखनिजाचा मुलूख आहे हा. पर्थपासून न्यूमन गाव साधारण १२०० किलोमीटर. आपण बेळगावहून नागपूर गाठलं तरी एवढं अंतर होत नाही. त्यामुळं लोक विमानानं कामावर येतात, कॅम्पात राहतात, बारा तासांची पाळी करतात आणि सुट्टीला परत विमानानं घरी.

चढण अशी असते: फिटर, मग लीडिंग हँड (चार-पाच फिटरांचा म्होरक्या), मग सुपरवायझर, मग सुपरिंटेंडंट, त्यावर मॅनेजर. पहिली पायरी सगळ्यात अवघड. हात चालणारे तिथं सगळेच असतात, त्यामुळं हाताच्या कसबावर कुणी वर जात नाही. मला लीडिंग हँड केलं ते पाळी सोडताना लिहायच्या नोंदीमुळं. कुठला ट्रक, काय उघडलं, काय तपासलं, कुठला पार्ट मागवलाय, काय बाकी आहे, कुणाचं कुलूप अजून लागलेलं आहे. पुढच्या पाळीच्या माणसाला मला झोपेतून उठवून विचारावं लागू नये, असं लिहायचो. माझं इंग्रजी साधंच होतं. पण वाक्य छोटं आणि आकडा बरोबर असला की काम भागतं.

आता कुलपाचं. कॅटरपिलर ७९३ सारखा, सव्वादोनशे टनांच्या आसपास माल वाहणारा डंपर वर्कशॉपला लागला की प्रत्येक माणूस आयसोलेशनच्या जागी, म्हणजे यंत्र चालू होऊ नये म्हणून ते जिथं तोडतात तिथं, स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. इंजिन बंद झालं तरी स्टिअरिंगच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, तेलाचा दाब धरलेला असतो. तो उतरवायचा, उतरला का ते तपासायचं, मगच होसपाइपला पाना लावायचा. लीडिंग हँड असताना एकदा ट्रक लवकर सोडा म्हणून वरून सारखे फोन येत होते आणि दाब उतरवल्याची खात्री कुणीच केलेली नव्हती. मी काम थांबवलं. माझ्या वडिलांच्या वयाचा गोरा फिटर तोंडावर बोलला, तरीही थांबवलं. आपल्याकडं मालकानं ‘चालू दे’ म्हटलं की चालू देण्याची सवय अंगात भिनलेली असते. वरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं आणि का ते शांतपणे सांगायचं, हे शिकायला मला ट्रक शिकण्यापेक्षा जास्त काळ लागला.

पुढं कायद्याचा भाग येतो. ३१ मार्च २०२२ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींचे नवे सुरक्षा नियम लागू झाले. स्टॅच्युटरी सुपरवायझरला, म्हणजे कायद्यानं नेमायच्या सुपरवायझरला, जोखीम व्यवस्थापनाचं प्रशिक्षण आणि कायद्याची परीक्षा लागते. सगळ्या साईटची जबाबदारी साईट सिनियर एक्झिक्युटिव्ह या पदावरच्या माणसावर असते. माझं लक्ष आता तिकडं आहे.

वडगावची, सध्या पर्थ

ह्यांची दोन आठवडे साईट, एक आठवडा घर. फिटर होते तोवर घरी आले की घरचे असायचे. सुपरवायझर झाल्यापासून सुट्टीतही फोन येतो: कुणाचा बाप गेला, कुणाचं बायकोशी बिनसलं, कुणाला परत यायचंच नाही. हे गॅलरीत उभे राहून तासतासभर ऐकून घेतात. हे काम कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण तेच जास्त असतं असं मला वाटतं.

एक चांगलं सांगते. नाताळची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते. ह्यांनी स्वतःच्या पाळीतल्या लेकरंबाळं असलेल्यांना ती दिली आणि स्वतः साईटवर राहिले. गणपतीला मात्र घरी. आता ह्यांच्या पाळीतली माणसं आपणहून विचारतात, यंदा गणपती कधी आहे म्हणून.

उद्यमबाग, वर्कशॉपमालक

मी कुठं गेलो नाही, पण गेलेल्यांची कामाच्या अनुभवाची पत्रं मी लिहून दिलीत. नुसतं ‘वागणूक चांगली, काम चांगलं करतोय’ लिहून भागत नाही बघा. तिकडं कसब तपासणारी संस्था आधी कागद बघते, मग ट्रेडप्रमाणं तोंडी आणि हातानं करून दाखवायची परीक्षा असते. पत्रात कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कुठली यंत्रं, कुठली हत्यारं, रोजचं काम काय, हे सगळं पाहिजे. पगार रोख देणाऱ्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, पोरांचा पगार बँकेत टाका. पोरगं दहा वर्षं राबलेलं असतं आणि दाखवायला एक कागद नसतो. फार वाईट वाटतं.

नंदगडचा, सध्या संडूर (बळ्ळारीकडच्या लोहखनिजाच्या खाणी)

परदेशाचं चाललंय, तरी देशातलंही लिहितो. इथं खाण सुरक्षा महासंचालनालयाची प्रमाणपत्रं लागतात, त्याचं मुख्यालय धनबादला. आधी मेट (कामगारांवर देखरेख करणारा), मग फोरमन, त्यावर द्वितीय आणि प्रथम श्रेणीचा मॅनेजर. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही हवं. यांत्रिकी बाजूचा माणूस वर्कशॉपचा फोरमन होतो, पण खाणीचा मॅनेजर व्हायचं तर खाणकामाचीच प्रमाणपत्रं लागतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रोज पाळीतल्या सगळ्यांपुढं सुरक्षेचं बोलायची संधी मिळाली की सोडू नका. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येणारा सीमाभागातला माणूस इथं फार उपयोगी पडतो. बिहारचा ड्रायव्हर, बळ्ळारीचा हेल्पर आणि कोल्हापूरचा इंजिनिअर एका पाळीत असतात आणि तिघांनाही एकच सूचना नीट कळावी लागते.

येळ्ळूर, आयटीआय दुसरं वर्ष

काका, मी डिझेल मेकॅनिक करतोय. आत्तापासून काय जमवू?

कणकुंबीकडचा

बाळा, आधी राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र आणि त्यानंतर अप्रेंटिसशिप पूर्ण कर. मधेच सोडून गोव्याला पळू नकोस. एक वही घाल: तारीख, इंजिनाचं मॉडेल, बिघाड काय, कसा शोधला, काय बदललं. महिन्याच्या शेवटी त्यावर वस्तादांची सही घे. इंग्रजीची परीक्षा ठरलेल्या मुदतीपुरतीच धरतात, म्हणून ती आत्ता देऊ नकोस. पण रोजच्या नोंदीतलं एक पान इंग्रजीत लिही. गणेशोत्सवाला मी गावी येतोय. वही घेऊन ये, बसून बघू.